उघड्या मनगटांची नोकरी

इस्पितळात मला नोकरी मिळाली ती माझ्या गुणांवर नव्हे, माझ्या उघड्या मनगटांवर. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे एखाद्या कर्तबगार भगिनीचे चरित्र वाचायच्या तयारीने जे बसले असतील त्यांना वेळीच पान उलटता येईल. संपादक महाशयांनी पत्र पाठवून ‘मालीश आणि सौंदर्यरक्षण’ या विषयावर दिवाळी अंकाच्या महिला विभागासाठी लेख मागितला आहे. सौंदर्याचे रक्षण कसे करतात ते मला ठाऊक नाही. मी सतरा-अठरा वर्षे रोगी बायकांची अंगे चोळली. त्यांत सुंदर कुणी असलीच तर दुखण्याने तिचे सौंदर्य माझ्याकडे येण्याआधीच आटोपलेले असे.

आमचे इस्पितळ अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नारळी-पोफळीच्या वाडीत होते. धर्मादाय. खाटा बारा आणि देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या सतरा. एका शेठजींनी विहिरीचा रहाट दिला, तर रहाटावरही पाटी. रोगी मेला-जगला याची पाटी कुठे नव्हती.

तिथल्या मुख्य नर्स मारियाबाई. गोव्याच्या, किरिस्तांव, बांध्याने आडव्या आणि बोलायला तिखट. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्या मालिशीचे काम शिकून आल्या होत्या. बायकांच्या वॉर्डासाठी त्यांना हाताखाली एक चोळणारी हवी होती. आता या कामाची एक साधी अट आहे. मनगटात काही असून चालत नाही. बांगडी रोग्याच्या कातडीला खरचटते, दुखऱ्या जागी टोचते, आणि तासभर कानाशी किणकिण ऐकून रोगी वैतागतो तो निराळाच. मारियाबाईंनी गावात निरोप फिरवला तेव्हा चार-पाच गरजू बायका आल्या. “बांगड्या काढून ठेवाव्या लागतील,” एवढे ऐकताच सगळ्या आल्या पावली परत गेल्या. धन्याच्या जिवावर बेतणारी नोकरी कोण करील?

मग मी गेले. मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी सासरच्यांनी या नोकरीसाठी आधीच तयार करून ठेवले होते.

मारियाबाईंनी माझे हात उलटे-सुलटे करून पाहिले, नखे पाहिली, तळवा आपल्या गालाला लावून पाहिला. “ऊन आहे,” त्या म्हणाल्या. “थंड हाताची असतीस तर परत पाठवली असती. नाव काय?”

“द्वारका.”

“लिहायला-वाचायला येतं?”

“वडील शाळामास्तर होते.”

“बरं झालं. इथल्या डॉक्टरांचं अक्षर वाचायला मास्तरच लागतो.”

मालीश म्हणजे काय, हे आता थोडक्यात सांगते, कारण या बाबतीत आपल्या लोकांचे अज्ञान अगाध आहे. लोकांना वाटते, तेलाची वाटी घ्यायची आणि माणूस ‘मेलो मेलो’ म्हणेपर्यंत रगडायचे. जितका ओरडेल तितका गुण. इस्पितळातली मालीश तशी नसते. आम्ही तेल वापरत नसू, शंखजिऱ्याची मऊ पांढरी पूड वापरत असू. त्यावरून पहिल्या दिवशी प्रत्येक रोगी भांडे. हात नेहमी खालून वर, हृदयाच्या दिशेने न्यायचा. आधी नुसते कुरवाळायचे, मग पीठ मळावे तसे मळायचे, मग पुन्हा कुरवाळायचे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, नजर आपल्या हातावर ठेवायची नाही, रोग्याच्या तोंडावर ठेवायची. कुठे दुखते ते तोंडावर आधी दिसते. हे शिकायला मला वर्ष लागले. नुसते रगडायला गाढवालाही शिकवता येईल.

अशी रगडून घ्यायची हौस असणाऱ्या बायकाही भेटल्या. किहीमला हवा खायला आलेल्या मुंबईच्या एका शेठाणीबाईंनी मला डॉक्टरांकडून मागून घेतले होते. आजार काही नाही, त्यांना बारीक व्हायचे होते. रोज सकाळी मी त्यांच्या बंगल्यावर जाई. तासभर त्या पालथ्या पडून माझ्याकडून चोळून घेत आणि उठल्या की लगेच तुपातला शिरा खात. महिनाभराने बारीक झाले ते माझे मनगट. जाताना त्या डॉक्टरांना म्हणाल्या, “बाईच्या हातात जोर नाही.” आणि मला तहान लागली की पाणी वरून ओंजळीत ओतत. त्यांच्या साऱ्या अंगाला माझा हात चाले, त्यांच्या फुलपात्राला चालत नसे. या गोष्टीचे मला पहिली दोन वर्षे वाईट वाटले. पुढे हसू यायला लागले, आणि ते हसू आजतागायत टिकून आहे.

माझा हात कशासाठी होता ते मला हिरूबायने शिकवले. हिरूबाय कोळीण. बंदरावर ओल्या दगडांवरून मासळीच्या पाटीसकट पडली आणि मनगट मोडले. गावच्या हाडवैद्याने बांबूच्या काड्या अशा आवळून बांधल्या आणि इतके दिवस ठेवल्या, की सोडल्या तेव्हा बोटे मुठीत वळून सुकली होती. ती आली तीच शिव्या देत. रोज सकाळी तिचा हात ऊन पाण्यात ठेवायचा आणि एकेक बोट तांदळाच्या दाण्याएवढे उघडायचे, असे माझे काम चाले.

“अगो बाय, माजा हात बरा करतेस का तोरतेस?”

“तोडायचा असता तर वैद्याकडेच ठेवला असता.”

“तो मेला तरी मना हसवीत व्हता. तू नुसती तोंडाकरं बघतेस.”

तीन महिने लागले. मग एका दिवशी तिने वॉर्डातला पितळी तांब्या त्या हाताने उचलला, वर धरला आणि सगळ्या वॉर्डाला पाणी पाजत सुटली, ज्यांना तहान नव्हती त्यांनासुद्धा. डोक्यावर पाटी घेणे तिला पुन्हा जमण्यासारखे नव्हते, म्हणून मारियाबाईंनी तिला इस्पितळातच आया म्हणून ठेवून घेतले. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, रुपयाएवढे कुंकू आणि आवाज असा, की खाडीच्या पलीकडे ऐकू जावा.

आता जी गोष्ट मला लिहायची नव्हती ती लिहिते. कारण तिच्यावाचून पुढचे कळणार नाही.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी दिघीहून गलबत चालवणाऱ्या एका तांडेलाची आई आली होती, अमीनाबी. मांडीचे हाड मोडलेले, महिना झाला अंथरुणाला खिळलेली. त्यांना माझे हात फार आवडत. “बेटी, तुझ्या हातात अल्लानं बरकत दिली हाय,” असे रोज म्हणत, आणि मी रोज फुगत असे. एका रविवारी मारियाबाई प्रार्थनेला गेल्या होत्या. अमीनाबींच्या कागदावर डॉक्टरांनी ‘दोन्ही पायांना मालीश’ असे लिहून ठेवले होते. त्या दिवशी त्यांची एक पोटरी सुजलेली होती आणि हाताला गरम लागत होती. मला ते दिसले. मला वाटले, सूज आहे म्हणजे जास्त चोळायला हवे. मी चोळले. त्या म्हणाल्या, “आज जरा दुखतंय, पण तुझा हात हाय म्हणून...” आणि उठून बसल्या. छातीवर हात ठेवला. माझ्याकडे पाहिले. एवढेच.

मारियाबाई आल्या, त्यांनी पोटरी पाहिली आणि मला बाहेर नेऊन सांगितले, की अशा पायात रक्ताची गुठळी धरलेली असते. ती जागेवर राहिली तर हळूहळू विरते. चोळली तर सुटते आणि वर जाते, छातीत. “सुजलेल्या, गरम, दुखऱ्या पायाला हात लावायचा नाही, द्वारके. कुणी सांगितलं तरी नाही. कागदावर लिहिलं असलं तरी नाही.” त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. अमीनाबींच्या मुलाने मयत नेताना मला नारळ आणून दिले, आईची सेवा केली म्हणून. मी ते घेतले. नाही म्हणायला कारण सांगावे लागले असते.

आता मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे नवे डॉक्टर आले होते. हुशार माणूस, पदवीवर पदवी, पण मोठ्या माणसासमोर त्यांची मान आपोआप हलायला लागे, आणि ती आडवी कधीच हलत नसे. मारियाबाई तीन आठवड्यांच्या रजेवर गोव्याला गेल्या होत्या. आणि नेमकी त्याच वेळी जवळच्या गावच्या इनामदारांची सून आमच्याकडे होती. सुशीला नाव, वय सतरा, पहिलटकरीण. घरी अडली म्हणून गाडीत घालून आणली होती. मुलगा झाला, चिमट्याने ओढून काढावा लागला, पण दोघेही वाचली. बाराव्या दिवशी तिचा डावा पाय सुजला.

इनामदारांनी आम्हांला नवा बाळंतिणींचा वॉर्ड बांधून देण्याचे कबूल केले होते. पाटीचा दगड म्हणे येऊनही पडला होता. वॉर्डाच्या विटा अजून यायच्या होत्या.

सुशीलेची सासू, इनामदारीणबाई, सुनेच्या खोलीत ठाण मांडून होत्या. पायात वारे भरले आहे, खोबरेल तेल कढत करून जोरात चोळले पाहिजे, असे त्यांचे निदान. बाळंतिणीला तेल चोळतात हे तर साऱ्या कोकणाला ठाऊक आहे, इस्पितळवाले ते करत नाहीत म्हणूनच पाय सुजला. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितले, “द्वारकाबाई, त्या खोलीत जाऊन जरा चोळल्यासारखं करा.”

मी गेले. उंबऱ्यावरूनच मला पाय दिसला. जांघेपासून घोट्यापर्यंत सुजलेला, पांढरा, ताणून चकचकीत झालेला. पोरगी ओठ चावून पडली होती. मला अमीनाबी आठवल्या. मी तोंड उघडणार, इतक्यात इनामदारीणबाईंची नजर माझ्या कपाळावर गेली, तिथून मनगटांवर.

“अगं बाई! ही? बाळंतिणीच्या खोलीत? माझ्या नातवावर सावली पाडायला कुणी पाठवली हिला?”

“बाईसाहेब, त्या पायाला...”

“मागे हो! आधी उंबऱ्यावरून मागे हो!”

मी मागे झाले. त्यांनी गड्याकडून उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडून घेतले. मी जिथे उभी होते बरोबर तिथे.

तशीच मी डॉक्टरांकडे गेले आणि पायाचे सांगितले. ते कागदावरून नजर न काढता म्हणाले, “मला कळतं ते. मी डॉक्टर आहे.”

“मग सांगा ना त्यांना.”

“दोनदा सुचवून पाहिलं. त्या ऐकायला तयार नाहीत. त्यांच्या जोशांनी उद्याचा मुहूर्त दिला आहे, पहिला हात सवाष्णीचा हवा म्हणतात. आपल्या हिरूबाईला सांगतो हलक्या हातानं चोळायला. काही होत नाही हो प्रत्येक वेळेला.”

प्रत्येक वेळेला! मी बाहेर आले. औषधांच्या कोठीच्या पायरीवर बसले आणि खरे सांगते, मनात म्हटले, मरू दे. माझी सावली नको ना? मग घ्या सवाष्णीचा हात. तुमचा मुहूर्त, तुमची सून, तुमची पाटी. तासभर मी हेच घोळवत बसले होते, आणि मला ते गोड लागत होते. या तासाची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी हिरूबाय नाचत आली. “बाय, मना लुगरं देनार हायेत! हिरव्या काठाचं! त्या इनामदाराचे सुनंचा पाय चोलाचा हाय.”

मी तिला अमीनाबींची गोष्ट सांगितली. तोवर कुणालाच सांगितली नव्हती.

“मंग मी नाय चोलाची.”

“तू नाही म्हटलंस तर गावातनं दुसरी आणतील. तिला तर काहीच ठाऊक नसेल.”

“उगाच हात फिरविते, जोर नाय लावाची.”

“सासू समोर बसणार आहे. ‘जोर लाव’ म्हणून ओरडेल. आणि त्या पायाला हलका हातसुद्धा नको.”

हिरूबाय बांगड्या मागेपुढे सारत बसली. मग ती म्हणाली, “बाय, राग नको मानू. माजा घरवाला सकालचं तुजं तोंड बघलं का होरी परत फिरवतंय. मानूस बरा हाय, तुजे गुन मानतंय, माजा हात बरा केलास म्हनून. पन होरी फिरवतंय.”

“मग?”

“मंग काय? ही इनामदारीन त्याचेपेक्षा भित्री हाय.”

मला कळायला थोडा वेळ लागला. कळले तेव्हा आधी तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. ज्या गोष्टीवर मी बारा वर्षे थुंकत आले, तीच आता पदरात बांधून मिरवायची. मारियाबाई यायला अजून आठ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्ताच्या वेळी तेल कढले, हिरूबायने पदर खोचला, आणि मी रिकामी घागर घेऊन त्या खोलीच्या दारावरून गेले. सावकाश. दारासमोर थांबून घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. आतून किंकाळी आली. तेल ओतून टाकण्यात आले. जोशांनी मग दुसऱ्या दिवसाची वेळ काढून दिली.

दुसऱ्या दिवशी मी दारासमोरच्या ओसरीवर जात्याशी बसावे तशी ऐसपैस बसून पट्ट्या गुंडाळत होते. इनामदारीणबाईंनी दार उघडले आणि पहिले दर्शन माझे. तो दिवसही गेला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ओसरीच्या तोंडाशी आपला गडी काठी घेऊन उभा केला. मी कुठे दिसले नाही. सगळे निर्विघ्न चालले होते. हिरूबाय तेलाची वाटी घेऊन पायाशी बसली आणि मोठ्या भोळेपणाने म्हणाली, “किती बेस कोमट झालंय! द्वारकाबायनंच तापवून दिलान.” वाटी खिडकीतून बाहेर गेली.

चौथ्या दिवशी इनामदारीणबाईंनी तेल स्वतः तापवले. गडी ओसरीवर, दार बंद, खिडकी बंद. मी बाहेर विहिरीपाशी उभी होते आणि माझ्याजवळची सगळी अस्त्रे संपली होती. मुहूर्ताची घटका भरली. आणि आतून शिंक ऐकू आली. मग दुसरी. मग तिसरी.

“पोरीनंच शिंकलं गो!” हिरूबाय थोड्या वेळाने धापा टाकत विहिरीवर आली. “मी काल तिचे कानात सांगलेलं, पाय चोलला तं जीव जाईल, ती द्वारकाबाय उगाच नाय आरवी येत. आज मी हात पुरं केला, आनि तिनं पदराचा शेव नाकात घातलान. मी बघलं! सासू म्हनते, अपशकुन तं झालाच, वर बालंतिनीला सर्दी. आता तेल नको!”

मी विहिरीच्या कठड्याला धरून हसले. एवढी हसले की पाणी भरायला आलेल्या बायका कळश्या तशाच टाकून निघून गेल्या. विधवेने विहिरीवर उभे राहून खदखदा हसायचे म्हणजे काय!

तक्रार अर्थातच झाली. इनामदारीणबाईंनी डॉक्टरांना सांगितले, ती पांढऱ्या पायाची बाई इथून गेली पाहिजे. वास्तविक पांढरा पाय कुणाचा झाला होता ते त्यांच्यासमोरच पडले होते. डॉक्टरांनी मला बोलावले.

“तुम्हांला नोकरी नको आहे का?”

“हवी आहे.”

“मग हा तमाशा बंद करा.”

मी म्हटले, “तुम्ही कागदावर लिहून द्या, ‘या पायाला मालीश करावी’, आणि खाली सही करा. मी आज संध्याकाळी गाव सोडते.”

त्यांनी टाक उचलला. दौतीत बुडवला. तो तसाच हातात धरून ठेवला. कागदावर शाईचा एक डाग मात्र पडला. मग ते म्हणाले, “जा तुम्ही.”

पण पदव्या काही अगदीच फुकट गेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी ते इनामदारीणबाईंना गंभीरपणे म्हणाले, “बाईसाहेब, एकामागून एक अपशकुन होताहेत. माझ्या मते हा महिना चोळण्याला लाभत नाही. पाय उशीवर उंच ठेवू, हलवायचा नाही, आणि जोशीबुवांना पुढच्या महिन्यातली वेळ बघायला सांगू.” माझ्या कपाळाचे भांडवल करून त्यांनी आपली कातडी वाचवली. वर इनामदारीणबाईंनी वाखाणले ते असे, की डॉक्टर असूनही माणूस शास्त्र मानणारा आहे.

मारियाबाई परत आल्या, त्यांनी पाय पाहिला, हकीकत ऐकली आणि मला विचारले, “हे कुठल्या पुस्तकात शिकलीस, द्वारके?” मी म्हटले, “सासरी.” त्या हसल्या नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

याची किंमत मला द्यावी लागली ती अशी. चार दिवस मी जे नाटक केले ते पंचक्रोशीत पसरले. द्वारकाबाईचे नुसते तोंड दिसले तर तेल नासते, बाळंतीण शिंकायला लागते. पुढे कितीतरी दिवस बायका मला हात लावू देईनात. एका सोनाराच्या मुलीचा गुडघा मी सरळ करत आणला होता. तिच्या आईने मधेच तिला उचलून नेले. ती मुलगी पुढे लंगडतच चाले, मी बाजारात पाहत असे. लोकांच्या खुळेपणाला मी जन्मभर हसले, आणि त्या खुळेपणाला खतपाणी घातले ते मीच. अमीनाबींच्या शेजारी माझ्या मनात त्या मुलीचाही गुडघा आहे. बायका पुन्हा येऊ लागल्या त्या दुखणे भीतीपेक्षा मोठे झाले म्हणून, शहाणपण आले म्हणून नव्हे.

वॉर्ड काही झाला नाही. पाटीचा दगड कपडे धुवायला फार सोयीचा पडला.

एक सांगायचे राहिले. सुशीला घरी गेली तो दिवस. दीड महिना ती पडून होती. गाडी दारात आली तेव्हा इनामदारीणबाईंचा हुकूम आला, ती बाई वाटेत दिसता कामा नये. डॉक्टरांनी मला औषधांच्या कोठीत जायला सांगितले आणि हिरूबायच्या देखत बाहेरून कडी लावली. मी बाटल्यांच्या पेटाऱ्यावर बसले. रागवायचे तर होते, पण कान बाहेर लागले होते. आमच्या धंद्यात माणसाची चाल ऐकूनही कळते. ओसरीवरून पावले आली. सासूची जड, फरफटणारी. गड्याची. आणि मधे हलकी दोन. डावे, उजवे, डावे, उजवे. डावे थोडे उशिरा पडत होते. पण पडत होते.

पावले कोठीसमोर आली आणि शिंक ऐकू आली. चांगली मोठी.

“आता गं बाई!” इनामदारीणबाई ओरडल्या. “अगदी निघताना? बसा, बसा सगळे घटकाभर. पाणी प्या, मग निघू.”

कोठीच्या दाराला लागूनच बाक होता. सुशीला त्यावर येऊन बसली. बाजूला पाण्याची धावपळ चालली होती, मूल रडत होते, सासू जोशांना दूषणे देत होती. दाराला खाली बोटभर फट होती. मी पेटाऱ्यावरून उतरले आणि जमिनीवर गाल टेकला.

तिने डावा पाय पुढे सरकवला, अगदी फटीशी आणला, आणि लुगड्याचा काठ जरा वर उचलून धरला. घोट्याचे हाड स्वच्छ दिसत होते.